होल्स्टरचं अस्तर घडीवर का सुटतं, आणि दोन सुयांची शिवण कशी घालावी

बार्शी तालुक्यातल्या एका तरुणानं विचारलंय. तो घरी पाकिटं आणि पट्टे शिवतो. वडिलांकडे परवान्याचं ०.३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे, त्यासाठी त्यानं पहिल्यांदाच होल्स्टर केलं. बाहेरून ३ मिमीचं चामडं, आतून लाल मखमल, कडेची शिवण चपलांच्या मशीनवर मारून घेतलेली. चार महिन्यांत घडीच्या जागी मखमलीला सुरकुत्या पडल्या, तोंडाशी ती सुटून लोंबायला लागली, तळाचा दोरा तुटून पाच-सहा टाके उसवले आणि नळीवर तांबूस ठिपके दिसू लागले. त्याचे प्रश्न तीन : अस्तर कशाचं लावू, सोल्यूशन कोणतं वापरू, आणि हाताची शिवण खरंच जास्त टिकते का?

प्रश्नांकडे वळण्याआधी एक सांगतो. ते होल्स्टर आज संध्याकाळीच वडिलांच्या कमरेवरून उतरव. "अजून चालतंय की" असं ते म्हणतील, तरी उतरव. रिव्हॉल्व्हर आत सरकवताना तोंडाशी लोंबणारं अस्तर सोबत आत ओढलं जातं, त्याची घडी होते आणि ती घडी चापाभोवतीच्या कड्यात शिरू शकते. मग वरून हात दाबला की दाब थेट चापावर. मऊ पडलेल्या, आतून फुगलेल्या होल्स्टरमुळे शस्त्र आत ठेवतानाच गोळी सुटल्याच्या घटना झालेल्या आहेत. म्हणून माझ्या दुकानात मी सुटलेलं अस्तर परत चिकटवून देत नाही. अस्तर लावायचं तर ते सुटणार नाही असंच लावायचं, नाहीतर लावू नये. ४ मिमीच्या एकाच थराचं बिनअस्तराचं होल्स्टर हे अर्धवट धरलेल्या अस्तरापेक्षा शंभर पटीनं बरं.

आता तुझं अस्तर सुटलं का ते बघू. तू लिहिलं नाहीस, पण मला खात्री आहे की तू चामडं टेबलावर सपाट पसरलंस, त्यावर मखमल सपाट चिकटवलीस आणि मग दोन्ही मिळून घडी घातलीस. सुरुवातीला सगळे हेच करतात, मीही केलं होतं. सपाट असताना दोन्ही थर सारख्या लांबीचे असतात. घडी घातली की बाहेरच्या थराला लांबचा फेरा पडतो आणि आतल्याला जवळचा. हिशोब सोपा आहे. बाहेरचं चामडं २.५ मिमी आणि अस्तर १ मिमी धरलं, तर दोन्ही थरांच्या मध्यांमध्ये पावणेदोन मिमीचं अंतर येतं. घडी म्हणजे अर्धवर्तुळ. १.७५ गुणिले ३.१४, म्हणजे साधारण साडेपाच मिमी. एवढं अस्तर घडीच्या आत जास्तीचं होतं आणि त्याला जायला जागा नसते. ते सोल्यूशन सोडून वर उचलतं, तीच तुझी सुरकुती. घडी मोठी असो की बारीक, हे साडेपाच मिमी बदलत नाहीत. फार बारीक घडीत ते एकाच जागी गोळा होतात, म्हणून जास्त डोळ्यांवर येतात एवढंच. बाजारातलं सगळ्यात महागडं सोल्यूशन आणलंस तरी हे व्हायचंच.

उपाय एकच, अस्तर वाकवूनच चिकटवायचं. ते कसं करायचं हे पुढे सांगतो, पण त्याआधी चामडं कोणतं घ्यायचं ते ठरव, कारण तिथेच अर्धी चूक झालेली आहे.

मखमल आणि स्वेड, म्हणजे लव उठवलेलं चामडं, दोन्ही विसरून जा. लोकांना वाटतं, मऊ अस्तर म्हणजे शस्त्राला गादी. पण आपल्याकडची धूळ तुला माहीत आहे. काळ्या रानातली माती, मार्च-एप्रिलमधला वारा, मोटारसायकलवरचा रस्ता. ती सगळी बारीक रेती मखमलीच्या लवेत बसते आणि झटकली तरी निघत नाही. मग शस्त्र काढताना-घालताना प्रत्येक वेळी त्यावर पॉलिश पेपर फिरतो. शिवाय घाम आणि दमट हवा ही लव धरून ठेवते. नळीवरचे ठिपके त्यातूनच आलेत. अस्तर गुळगुळीत चामड्याचंच हवं आणि गुळगुळीत बाजू आत, शस्त्राकडे. हात फिरवला की धूळ निघाली पाहिजे.

चामडं दोन तऱ्हेचं असतं. एक क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, दुसरं झाडांच्या साली-फळांत कमावलेलं, ज्याला बाजारात व्हेज टॅन म्हणतात. पर्स, जॅकेट, सोफ्याचं मऊ चामडं बहुतेक क्रोमचं असतं. होल्स्टरला ते बाहेरूनही नको आणि आतूनही नको. ओलं करून दाबलं तरी ते आकार धरत नाही, आणि त्यातले क्षार दमट हवेत लोखंडाला लागतात. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, ते व्हेज टॅन. आपल्या माळावर पिवळ्या फुलांचा तरवड दिसतो ना, त्याच्या सालीत कमावलेलं तमिळनाडूकडचं चामडं एके काळी 'ईस्ट इंडिया' या नावानं परदेशात जायचं. तिकडे तरवडाला आवारम म्हणतात. आता बहुतेक ठिकाणी वॅटल नावाच्या झाडाच्या सालीचा अर्क वापरतात, तेही चालतं. सोलापुरात होल्स्टरच्या जाडीचं चांगलं व्हेज टॅन दर वेळी मिळेल असं नाही. मी धारावीतून नाहीतर चेन्नईहून मागवतो.

व्यापारी सगळ्यालाच व्हेज टॅन म्हणतो. घरी आल्यावर नखाएवढा तुकडा कापून बघ. क्रोमच्या कापलेल्या कडेत आत निळसर-करडी रेघ दिसते, व्हेज टॅन आरपार तपकिरी असतं. रंग आतपर्यंत मुरवलेला असेल आणि कळत नसेल तर तुकडा उकळत्या पाण्यात टाक. व्हेज टॅन आक्रसून वळकटी होईल आणि वाळल्यावर लाकडासारखं कडक पडेल. क्रोमचं होतं तसंच राहील. मी नवीन मालाचा प्रत्येक गठ्ठा आला की हे करतोच.

जाडी सांगतो. बाहेरचं २.५ मिमी, आतलं १ मिमी, फार तर १.२. दोन्ही मिळून साडेतीनच्या आसपास, म्हणजे घडी घालून कड जुळवली की शिवणीच्या जागी ७ मिमी. तू ३ मिमी घेतलंस ते वाईट नाही, पण त्यावर अस्तर चढलं की बारीक रिव्हॉल्व्हरला ते फार बोजड होतं.

दुसरी गोष्ट मापाची, आणि ती कायद्याशी जोडलेली आहे. परवाना वडिलांच्या नावावर आहे, तुझ्या नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येत नाही. कारागिरालाही ते लागू आहे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो, शस्त्र दुकानात ठेवून जायचं नाही. परवानाधारकानं स्वतः समोर बसायचं, स्वतःच्या हातानं ते रिकामं करून दाखवायचं, मी पुठ्ठ्यावर आकार आखून घेतो आणि तीन-चार जागची जाडी मोजतो, पाच मिनिटांत ते परत त्यांच्या ताब्यात. त्या मापांवरून सुताराकडून सागवानी नमुना करून घेतो. पुढचं सगळं काम त्या लाकडावर. तूही तेच कर. लाकडी नमुन्याचा आणखी एक फायदा म्हणजे ओल्या चामड्यात खरं शस्त्र कोंबावं लागत नाही. निवडणुका लागल्या आणि शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितली, की माझ्याकडे रिकामी होल्स्टर दुरुस्तीला येतात. तेव्हा हे नमुनेच कामाला येतात.

आता कामाचा क्रम. यात उलटसुलट झालं की मागे येता येत नाही.

बाहेरचा भाग कापलास की सगळ्यात आधी पट्ट्याची पकड, म्हणजे मागचा लूप, त्यावर शिवून टाक. फक्त बाहेरच्या थराला. वरची अडकवायची पट्टी आणि तिचं प्रेस बटणही याच वेळी. मग अस्तर लागल्यावर लूपच्या शिवणीची मागची बाजू आणि बटणाची पाठ अस्तराखाली झाकली जाते. शस्त्राला आतून दोरा, धातू, गाठ काहीच लागत नाही. माझ्याकडे एक होल्स्टर आलं होतं, त्यात लूप शेवटी रिपिट, म्हणजे धातूची रिव्हेट, ठोकून बसवला होता. दोन वर्षांत रिपिटाच्या डोक्यानं रिव्हॉल्व्हरच्या बाजूवर बोटभर ओरखडा काढला होता. रिपिट आत येईल अशा जागी वापरूच नये.

अस्तर नेमक्या आकाराचं कापू नको. चारी बाजूंनी सेंटिमीटरभर मोठं ठेव. चिकटल्यावर रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या पात्यानं, बाहेरच्या काठाला धरून सरळ उभा काप दे, दोन्ही थर एकजीव दिसतात.

दोन्हीच्या खरबरीत बाजू समोरासमोर येतात. त्या ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या घास आणि सुटलेले तंतू ब्रशनं पूर्ण झटक. फडक्यानं पुसून भागत नाही. तंतू राहिले तर सोल्यूशन तंतूंना चिकटतं, चामड्याला नाही. सोल्यूशन म्हणजे आपण चपलांना लावतो तेच पिवळं, निओप्रीनचं. त्यात वेगळं काही शोधू नको. फक्त डबा ताजा असू दे, तारा सुटणारं घट्ट झालेलं वापरू नको. दोन्ही बाजूंना पातळ हात, तो चामड्यात मुरू दे, मग दुसरा पातळ हात. एकच जाड थापला तर वर साय धरते आणि आत ओलं राहतं. किती वेळ थांबायचं हे डब्यावर लिहिलेलं असतं, पण ते सोलापूरच्या मे महिन्यासाठी लिहिलेलं नसतं. बाहेर ४२-४३ अंश असताना माझ्याकडे पाच-सहा मिनिटांत ते चिकटण्याजोगं होतं, आणि आणखी पाच मिनिटांत हातचं जातं. श्रावणातल्या झडीत वीस मिनिटं लागतात. घड्याळ बघू नको, बोटाची पाठ लावून बघ. चिकट लागलं पाहिजे, पण बोटाला काही येता कामा नये. उन्हाळ्यात मी हे काम सकाळी आठच्या आत उरकतो.

आता वाकवून चिकटवणं. बाहेरच्या चामड्यावर घडीची मध्यरेषा आधीच आखलेली असू दे. होल्स्टरचा मागचा अर्धा भाग, म्हणजे कमरेकडचा, टेबलावर सपाट ठेव. त्यावर अस्तर त्या अर्ध्या भागापुरतंच टेकव आणि मध्यरेषेच्या बोटभर अलीकडे थांब. उरलेलं अस्तर खाली चिकटू नये म्हणून मध्ये मेणकागद ठेव. हा अर्धा भाग हाडाच्या पट्टीनं नाहीतर बाटलीनं मधून कडेकडे दाबून घे. मग रेषेच्या जागी आतून लाटणं ठेव, जाडी साधारण नळीएवढी. बाहेरचं चामडं त्या लाटण्याभोवती उचलून वाकव, घडी जेवढी व्हायची तेवढी पूर्ण. आता मेणकागद हळूहळू ओढत अस्तर लाटण्याच्या अंगानं आतल्या वळणावर अंगठ्यानं बसवत जा. ओढू नको आणि सैलही सोडू नको. वळण ओलांडून दुसऱ्या अर्ध्यावर आलास की अस्तराची कड बाहेरच्या काठाच्या पाच-सहा मिमी पुढे सरकलेली दिसेल. तेच ते साडेपाच मिमी, जे तुझ्या होल्स्टरमध्ये सुरकुती होऊन बसले होते. आता ते काठाबाहेर आलेत आणि रापीखाली जाणार आहेत.

यानंतर हा तुकडा परत सपाट करायचा नाही. उघडून दाबलास तर अस्तर ताणलं जाईल आणि सगळी मेहनत वाया. अर्ध्या उघड्या पुस्तकासारखा राहू दे.

त्याच अवस्थेत तोंडाची शिवण घालून घे. तोंडाच्या काठापासून ४ मिमी आत, दोन्ही थरांतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कड बंद झाल्यावर तिथे सुई फिरवायला जागाच राहत नाही. पुष्कळ जण ही शिवण शोभेची समजून सोडून देतात. शस्त्र दर वेळी घासतं ते तोंडाला, आणि अस्तर सोलायला सुरुवातही तिथूनच होते. तुझ्या होल्स्टरला ही ओळ असती तर सुरकुत्या पडल्या असत्या, पण अस्तर लोंबलं नसतं. शिवण झाली की तोंडाची कड गोल कर, पाण्याचा हात लावून लाकडी दांडीनं घासून चकचकीत कर, वर मेण चोळ. तळ उघडा ठेवणार असशील तर तिथेही हेच.

मग बाजूची कड जुळवायची. इथे अनुभवी माणसंही फसतात. घडी घातली की अस्तराच्या गुळगुळीत बाजू एकमेकींना भिडतात, आणि गुळगुळीत बाजूवर सोल्यूशन धरत नाही. लावताना धरल्यासारखं वाटतं, महिन्यानं केळीच्या सालीसारखं निघतं. म्हणून काठाची १२ मिमी रुंद पट्टी दोन्हीकडे रापीच्या धारेनं उभी खरवडून खरबरीत कर आणि मगच सोल्यूशन लाव. पट्टीच्या आत मात्र खरवडायचं नाही, तिथे शस्त्र फिरणार आहे. नमुना आत ठेव, कड जुळवून दाब, आणि बाहेरून अंगठ्यानं नमुन्याची कड चाचपून तिच्यापासून ३ मिमीवर शिवणीची रेघ आख. चापाचं कडं पूर्ण आत, झाकलेलं राहिलं पाहिजे, बोट कुठूनही शिरता कामा नये. शिवणीबाहेर ५ मिमी काठ ठेवून बाकीचं काप. एक रात्र तसंच दाबून ठेव.

आता शिवण. मशीनची टीप आणि हाताची शिवण यांत फरक ताकदीचा नसून रचनेचा आहे. मशीनमध्ये वरचा दोरा वर राहतो, खालचा खाली, आणि प्रत्येक छिद्रात ते एकमेकांना फक्त अडकवलेले असतात. एक तुटला की दुसऱ्याला धरायला काही नसतं, ओढलं की सरसर सुटतं. तुझे पाच-सहा टाके एकदम गेले ते असे. दोन सुयांच्या शिवणीत एकाच दोऱ्याची दोन टोकं प्रत्येक छिद्रातून आरपार जातात, एक इकडून आणि एक तिकडून. एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसरं टोक त्याच छिद्रातून गेलेलं असतं, ते धरून ठेवतं. शिवाय ७ मिमीच्या जाडीत मशीनची गाठ नीट मधोमध बसत नाही, खालचा दोरा पृष्ठभागावरच आडवा पडतो आणि घासून जातो.

माझे आजोबा मोटा शिवायचे. विहिरीवरची चामड्याची मोट. तिच्या शिवणीतून पाणी गळलं की शेतकरी दुसऱ्या दिवशी दारात. पहिल्यांदा ही शिवण मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि ती अजून तशीच घालतो, दोरा तेवढा बदलला.

सोलापूर सुताचं गाव आहे, पण चादरीचं सूत होल्स्टरला चालत नाही. घामानं ते कुजतं. जवसाच्या धाग्याचा लिनन दोरा मिळाला तर उत्तम, नाहीतर वेणी घातलेला पॉलिस्टर, ०.८ मिमी. पॉलिस्टर मेण लावलेला मिळतो. लिननला मी मधमाशीच्या मेणात थोडी राळ वितळवून ती गोळी चोळतो, दोरा छिद्रात घट्ट बसून राहतो. दोरा किती लागेल? पाकिटाला शिवणीच्या चौपट पुरतो, ती सवय इथे दगा देते. टाका ४ मिमीचा, जाडी ७ मिमी. प्रत्येक टाक्याला एका सुईचे ११ मिमी जातात, दोन सुयांचे २२. म्हणजे शिवणीच्या साडेपाच पट. शिवण २५ सेंमी असेल तर १ मीटर ४० सेंमीच्या आसपास, आणि शेवटी हातात धरायला वरचे ४० सेंमी. दोन मीटर घे. मधे दोरा संपून जोड द्यावा लागणं होल्स्टरला बरं नाही.

शिवणीच्या रेघेवर दोन्ही बाजूंनी उथळ खाच पाड, म्हणजे टाका पृष्ठभागाखाली बसतो आणि कमरेला घासत नाही. छिद्रांच्या खुणा पुढच्या बाजूला खुणा पाडायच्या दातेरी काट्यानं उमटव, इंचाला सहा. याहून दाट घेतलीस तर जाड चामड्यात छिद्रांमधली भिंत फाटते. आरी, म्हणजे छिद्र पाडायचं टोचणं, गोल टोकाची नको, शंकरपाळ्याच्या आकाराच्या पात्याची हवी. ती चामडं फाडत नाही, तिरपी चीर पाडते, आणि प्रत्येक चीर एकाच कलानं पडली पाहिजे. होल्स्टर लाकडी चिमट्यात गुडघ्यांमध्ये घट्ट धर. आरी पुढून सरळ घुसव. ७ मिमी जाडीत हात चार अंशांनी कलला तरी मागे टोक अर्धा मिमी सरकून बाहेर येतं, आणि मागची ओळ दारूड्याच्या पावलांसारखी दिसते. सुरुवातीला आरी अर्धी घुसल्यावर थांब, मागे वाकून बघ, मग पूर्ण घुसव.

सुया बोथट टोकाच्या घे. आरी बाहेर काढता काढता डावी सुई त्याच छिद्रातून उजवीकडे आण आणि दोरा ओढून घे. आता उजवी सुई त्याच छिद्रात, आलेल्या दोऱ्याच्या मागून घालायची. घालताना डाव्या हातानं पहिला दोरा थोडा मागे खेचून ठेव. तसं केलं नाहीस तर सुई त्या दोऱ्याच्या पोटातून जाते, टाका तिथेच अडकतो आणि आवळता येत नाही. दोन्ही टोकं बाहेर आली की दोन्ही हात बाजूला पसरून एकसारखा ताण. खाचेत दोरा 'टक्' बसलेला बोटाला कळतो. तिथे थांब, अजून आवळलंस तर दोरा अस्तर कापतो. कोणती सुई आधी आणि दुसरी पुढून की मागून, हा क्रम शेवटपर्यंत बदलायचा नाही. एका जागी बदलला की तेवढाच टाका वेगळ्या अंगाला झुकतो आणि वर्षानुवर्षं दिसत राहतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिले काही दिवस ७ मिमीच्या रद्दी तुकड्यावर फक्त मागची बाजू बघत शिवायला लावतो. पुढची बघू देत नाही.

तोंडाशी सुरुवातीला दोन छिद्रं मागे जाऊन मग पुढे ये, शेवटी तीन छिद्रं मागे. तोंडाच्या कोपऱ्यावर सगळ्यात जास्त ताण येतो, तिथे टाके दुहेरीच हवेत. गाठ मारू नको. पॉलिस्टरचं टोक काठाशी कापून काडीनं वितळव, लिननचं नुसतं कापून मोगरीनं ठोक.

राहिलं आकार देणं. सोल्यूशनला निदान पूर्ण एक दिवस झालेला असू दे. कोमट पाण्यात होल्स्टर दहा-पंधरा सेकंद बुडव, बुडबुडे थांबायची वाट बघू नको, अस्तराचं चामडं जास्त भिजलं की ढिलं पडतं. पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लाकडी नमुना आत सरकव आणि हाडाच्या पट्टीनं बाहेरून कडा उठव. जवळ लोखंड येऊ देऊ नको. माझं पहिलं अस्तराचं होल्स्टर मी ओलं असताना लोखंडी तिवईवर टेकवलं होतं. दुसऱ्या दिवशी पाठीवर तळहाताएवढा निळा-काळा डाग. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र आले की काळा रंग होतो ना, तेच घडलं होतं. व्हेज टॅन ओलं आणि लोखंड लागलं की शाई तयार. लिंबाचा रस लावून मी तो फिका केला, पूर्ण गेला नाही, आणि ते होल्स्टर अजून माझ्याकडेच आहे.

वाळवताना ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. वरचा थर आधी आक्रसतो, आतला मागाहून, आणि दोघांमध्ये ओढाताण होऊन घडीवरचं अस्तर परत उचलतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात सावलीतही फार लवकर वाळतं. मी एप्रिल-मेमध्ये टोपलीखाली ठेवून वर ओला पिळलेला सोलापुरी टॉवेल टाकतो, पहिली रात्र. दुसऱ्या दिवशी टॉवेल काढतो. दोन दिवसांनी नमुना बाहेर. बाहेरून मेणाचा हलका हात दे. खायचं तेल लावू नको, ते चिकट होऊन धूळ धरतं आणि खवट वास येतो. आतून काहीच लावायचं नाही.

तांबूस ठिपक्यांचं राहिलं. नवीन होल्स्टर कितीही चांगलं झालं तरी कपाटात शस्त्र त्यात ठेवू नये. कुठलंही चामडं हवेतला दमटपणा घेतं, पावसाळ्यात तर फारच. कमरेवरून उतरवलं की शस्त्र वेगळं, होल्स्टर वेगळं. ठिपके काढायचं काम वडिलांना परवाना असलेल्या शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून करून घ्यायला सांग, घरी पॉलिश पेपर लावू नको.

होल्स्टर वडिलांना देण्याआधी दोन गोष्टी बघ. लाकडी नमुना आत घाल, पट्टी न लावता होल्स्टर उलटं करून गोधडीवर हलव. नमुना पडला तर आकार अजून द्यायचा आहे, परत थोडं ओलं करून कडा दाब. मग नमुना काढ आणि मधलं बोट तोंडातून आत घालून घडीवरून सावकाश तळापर्यंत ने. नंतर तोंडाच्या काठावरून नख उलटं ओढ. नख कुठेही अडकलं, बोटाखाली कुठेही अस्तर हललं, तर ते होल्स्टर द्यायचं नाही. रापी घेऊन उघड आणि कुठे धरलं नाही ते बघून दुसरं कापायला घे.